पवना मुकी झाली ती दुपार

ये गं रेखा, अशी माझ्याजवळ सरक. खुर्ची नको, इथं पलंगावर बस, पाय वर घेऊन. आणि तो फोन पालथा ठेव. वर्षातून दोनदा आत्याकडं येतेस आणि आल्यावर निम्मा वेळ त्या काचेत बघत बसतेस, हे बरं दिसत नाही. तू इथं नाहीस हे कळतं मला, मी कागदाशी बोलतेय. पण मला लिहायला येतं ते बोलल्यासारखंच. शाळा मला नव्हतीच. अक्षरं शिकले ती तुझ्या बापाच्या पाटीवरनं, तो दुपारचा झोपला की. त्यामुळं समोर कुणीतरी बसलंय असं धरल्याशिवाय माझा हात चालत नाही. मागच्या खेपेला तुझ्या पिंपळे सौदागरच्या घरी, त्या उंचावरच्या गॅलरीत मी उभी होते, तर तू म्हणालीस, "आत्या, आत ये, नाल्याचा वास येतोय." रागावले नाही मी. पण मनात राहिलं. तो नाला नाही बाई, ती पवना आहे. तुझा बाप तिच्या अलीकडं होता, तुझी आजी पलीकडं होती आणि मधे मी होते, एका काहिलीत. तुझ्या बापाला ही गोष्ट माहीत आहे ती ऐकीव. त्याचं वय तेव्हा पाळण्यात मावायचं. म्हणून तुला सांगते.

आमची वस्ती दापोडीच्या वरच्या अंगाला, पवनेच्या काठावर. चार-पाच घरं, एक गुऱ्हाळ, एक जांभळीचं झाड. शेत मात्र पलीकडं, सांगवीच्या शिवारात. तिकडची जमीन म्हणजे जीभ बघ, एका अंगानं पवना आणि दुसऱ्या अंगानं मुळा, आणि जिभेच्या टोकाला दोघी एकमेकीत मिसळतात. उन्हाळ्यात आम्ही पोरं गुडघाभर पाण्यातनं पलीकडं जायचो. पावसाळ्यात काहील. आता काहील तुला कुठली माहीत असणार. उसाचा रस आटवून गूळ करतात ती लोखंडाची मोठी कढई, चार माणसं आत मांडी घालून बसतील एवढी. पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद, मग तीच काहील पाण्यात सोडायची आणि तीच आमची होडी. ती चालवायचे किसनमामा. नात्यानं कुणाचेच मामा नव्हते, पण सगळी वस्ती त्यांना मामाच म्हणायची. गूळ घोटायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं, तेच त्यांचं वल्हं. मी लहानपणापासनं त्या काहिलीत लुडबुडायचे. पावसाळाभर तिला गुळाचा वास यायचा, ऊन पडलं की मुंग्या यायच्या, आणि मी बोटानं कडेची काळी साय खरवडून चाटायचे. मामा म्हणायचे, "येसू, तू काहील खाऊन टाकशील, मग मी काय सुपात बसून जाऊ?"

घरात त्या दिवसांत बाळंतिणीचा वास. ओव्याची धुरी, बाळंतशेपा, शेगडीवर ऊन होणारं तेल. तुझा बाप, म्हणजे बाळू, नुकतंच नाव ठेवलेला. आईला अळिवाची खीर, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी तुपात कुस्करून. आणि या सगळ्यावर राज्य थोरल्या आत्याचं. माझ्या वडलांची मोठी बहीण, लहानपणीच विधवा होऊन माघारी आलेली. तिनंच वडलांना वाढवलेलं, म्हणून घरात तिचा शब्द शेवटचा. वाईट नव्हती गं ती. बाळूला रोज पायावर घेऊन न्हाऊ घालायची, टाळू भरायची, आणि तो रडला की तिच्याच डोळ्यांना पाणी. पण शिवाशिवीचं तिला फार. त्या सुमाराला पिंपरीच्या बाजूला कंपनीचं बांधकाम सुरू झालेलं. दिवसभर खडी फोडायच्या यंत्राचा आवाज यायचा, कुणी दात खात असल्यासारखा. त्या कामावरची माणसं रस्त्याच्या कडेला पालं टाकून राहायची. लांबनं आलेली, बीडकडची, कुठली कुठली. आत्याची ताकीद होती, पालांकडं जायचं नाही, तिथलं पाणी प्यायचं नाही आणि तिथलं कुणी आलं तर ओसरीच्या खाली उभं करायचं. मी जायचेच. तिथं सोजर नावाची एक बाई होती, काळी, उंच, मोठ्यानं हसणारी. कडेवर तिची पोरगी गंगी, बाळूपेक्षा थोडी मोठी. सोजर मला चिडवायची, "ये गं पाटलीणबाई, आमच्या राजवाड्यात." तिचा राजवाडा म्हणजे दोन बांबू आणि एक तरट.

तर त्या दिवशी. वडील आणि चुलते बैलगाडीत कांदा भरून चाकणच्या बाजाराला गेलेले. पलीकडच्या शेताचा बांध फुटलाय असं कुणीतरी सांगत आलं. आईला राहवेना. ओली बाळंतीण, पण गेली. "जाते आन आलेच, वन्सं. म्हशीला वैरण बी आणते." बाळूला पोटभर पाजलं आणि किसनमामांच्या काहिलीत बसून गेली. मामा तिला सोडून परत आले ते कुडकुडतच. थंडीतापानं त्यांना धरलं. दुपारी आईला आणायला जायचं, तर मामा गोधडीखाली दात वाजवत पडलेले. आणि दुपारी वर मावळात कुठंतरी ढग फुटला असणार. आमच्याकडं भुरभुर पाऊस, पण पवना अशी चढली, की बघता बघता जांभळीच्या बुंध्याला लागली. लाल पाणी, त्यात अख्खी झाडं, आणि आवाज एवढा की माणूस शेजारी बोललेलं ऐकू येईना. वरच्या अंगाच्या, नदी ओलांडायच्या सगळ्या फरश्या बुडालेल्या. मुळेकडनंही तेच. म्हणजे आई त्या जिभेवर अडकली, आणि तिकडं मोशीला इंद्रायणी चढल्यानं वडील चाकणकडंच अडकले.

संध्याकाळी पलीकडं आईचं हिरवं लुगडं दिसलं. ठिपक्याएवढं. ती काहीतरी ओरडत असणार, पण नदी मधे होती. मग तिनं दोन्ही हात पाळण्यासारखे छातीशी धरले आणि हलवले. आत्यानं बाळूला धडप्यात गुंडाळून काठावर आणलं आणि उंच धरून दाखवलं. पलीकडचं हिरवं खाली बसलं. एवढंच बोलणं झालं त्या दोघींचं.

रात्रीचं मी सांगत नाही, सांगण्यासारखं काही नाही, फक्त रडणं होतं. बाळूला शेळीचं दूध बोंडल्यानं पाजलं, त्यानं ओकलं. चिंधीची वात दुधात बुडवून तोंडात दिली, थुंकली. साखरपाणी दिलं, तर हगवण लागली. वस्तीत दुसरी ओली बाळंतीण नव्हती. एक होती ती माहेरी गेलेली. सकाळपर्यंत त्याचं रडणं बदललं. आधी तो चिडून रडत होता, मूठ हलवून. मग नुसता सूर राहिला, मांजराच्या पिलासारखा. टाळू खाली गेली होती. आत्या त्यावर तेलाचं बोट फिरवायची आणि हात मागं घ्यायची, चटका बसल्यासारखी. शेजारचे बापूअण्णा येऊन बघून गेले. म्हणाले, "उद्यापातुर उतरंल पाणी. एका दिसात काय हुतंया पोराला? दम धरा." त्यांचं गवत गंजीला लागलेलं होतं, त्यांना धीर धरायला काय झालं.

सकाळी सोजर आली. ओसरीच्या खाली उभी राहिली, गंगी कडेवर. "आत्याबाई, रातभर आवाज आयकायलेय मी. लेकरू कामून एवढं रडायलंय? त्याची माय पल्याड हाय म्हनं. आना हिकडं, मी पाजते. मला मायंदळ दूध हाय, दोघांला पुरंल."

आत्या उंबऱ्यात उभी. बाळू तिच्या खांद्यावर. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. ती 'हो' म्हणणार असं मला वाटलं, खरंच वाटलं. ती म्हणाली, "तू कोण, कुठली, कुणाची, मला ठावं न्हाई. आमच्यात तसलं चालत न्हाई."

सोजरनं मान तिरकी केली. "लेकरू रडताना जात सांगून रडायलंय का, आत्याबाई?"

"तू जा."

"जाते. माझं काय जातंय?" पण लगेच गेली नाही ती. जरा वेळ उभी राहिली, गंगीला या कडेवरनं त्या कडेवर घेतलं, आणि मग गेली. आत्या आत आली आणि देवापुढं बसली. तिचा हात तीन-तीनदा वातीपर्यंत जाऊन माघारी आला, तेव्हा कुठं ती पेटली. आज मी तिच्या त्या वेळच्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि तुझी थोरली आत्या आता मीच आहे. तरी सांगते, तिचा राग येतो तसा तो हातही दिसतो.

दुपारी पलीकडनं आईनं पुन्हा पाळणा केला. बराच वेळ करत राहिली. आत्या बाळूला घेऊन बाहेर आलीच नाही. काय दाखवणार? तो आता रडत नव्हता. डोळे अर्धे उघडे, ओठ चिकटलेले. मी काठावर एकटी उभी होते आणि आईला वाटलं असणार की पोर गेलं. ती पाण्यात शिरायला लागली. गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत. मी दोन्ही हातांनी मागं हो, मागं हो करत होते. तिला पोहता येत नव्हतं.

आणि तेवढ्यात आवाज थांबला. कसं सांगू तुला? कालपासनं कानात भरलेला तो गडगडाट एकाएकी नाहीसा झाला. चिमण्यांचं ऐकू यायला लागलं. लांबचं खडीचं यंत्रही ऐकू आलं. बघते तर पवना सपाट, तेल ओतल्यासारखी, आणि फेसाचे गोळे उलटे चाललेले, वरच्या अंगाला, चिंचवडाकडं. बापूअण्णा आपल्या ओसरीतनं ओरडून म्हणाले, "बघा, म्हनलं न्हवतं? उतरलं पाणी." आणि ते पुरामुळं वर नेलेले गवताचे भारे पुन्हा खाली काठाला आणायला लागले. पण पाणी उतरलं नव्हतं. मला माहीत होतं. किसनमामांनी मला शिकवलं होतं. मुळेला मोठा लोंढा आला की तो संगमावर पवनेचं तोंड दाबून धरतो. मामा म्हणायचे, "पवना बोलती तवर तिच्यात पाय घालायचा न्हाई. मुळेनं तिच्या तोंडावर हात ठिवला की ती मुकी हुती. तेवढ्यात जायचं आन तेवढ्यात यायचं. हात काढला, की मग तिला कुणाच्या बापाला आवरत न्हाई." पूर आला की मामा ये-जा करायचे ती अशीच वेळ साधून.

मी मामांच्या घरात पळाले. गोधडीतनं नुसते डोळे दिसत होते. म्हटलं, "मामा, मुकी झाली."

त्यांनी उठायचा यत्न केला, कोपरावर आले आणि पडले. "कुणाला तरी गडीमानसाला सांग."

"बापूअण्णा म्हनत्यात उद्या."

मामा म्हणाले, "तू जानार म्हनून इचारायला आलीस का सांगायला?"

मी कोपऱ्यातलं फावडं उचललं. मग ते डोळे मिटून भराभर सांगायला लागले, जसं काही ताप त्यांना मधेच नेणार होता. फावडं एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, एकाच अंगानं मारलंस तर फिरशील. फिरली तर फिरू दे, तिच्याशी भांडू नगंस. उभी राहू नगंस. मधे फेसाची दोरी दिसंल, तिथं पवनेचं आन मुळेचं पाणी एकमेकाला घासतंया, तिथं थांबायचं न्हाई. आणि बुडाला एक भोक हाय, परवाच चिंधी आन गूळ-चुना घालून बुजवलंय, अजून वाळलं न्हाई, त्याच्यावर जोर देऊ नगंस. "आन येसू, काडी बघत ऱ्हा. पाण्यावरची काडी उलटी चाललीया तवर बरं. काडी थांबली, की देवाचं नाव घे."

काहील जांभळीखाली पालथी होती. माझ्यासारख्या परकराच्या वयाच्या पोरीनं ती उचलायची म्हणजे काय. मी खांदा लावला, गुडघा लावला, रडले, शिव्या दिल्या. मागनं एक हात आला. सोजर. गंगीला झाडाखाली बसवून ती आलेली. आम्ही दोघींनी ती उलथवली आणि चिखलातनं पाण्यात ढकलली. सोजर धापा टाकत म्हणाली, "तुझी आत्या येडी हाय. पन तू तिच्याहून येडी. दूध हितं हाय, आन तू तिकडं आनायला चाललीस."

म्हटलं, "मग मी काय करू?"

तिनं आपल्या पदराची गाठ सोडली, गुळाचा खडा काढला आणि माझ्या तोंडात कोंबला. "जा. पडू नको."

काहिलीला ना नाक असतं ना शेपूट. काठ सोडला आणि ती लगेच फिरायला लागली. मी डावीकडं मारलं, उजवीकडं मारलं, पण मामांचा हात आणि माझा हात यात फरक होता. एकदा आमचं घर समोर, एकदा नुसतं पाणी, एकदा आईचं हिरवं, पुन्हा घर. भुरभुर पावसात दोन्ही काठ सारखेच दिसायला लागले. डोकं गरगरलं, गुळाचा खडा घशाशी आला. कुठल्या बाजूला जायचं तेच कळेना. मी ओरडले, आईला हाक मारली. मुक्या पाण्यावर माझी हाक अशी मोठी ऐकू आली, की माझीच मला भीती वाटली. मग कानाला ते खडीचं यंत्र लागलं. दात खाल्ल्यासारखा तोच आवाज. तो आपल्या बाजूचा. मी डोळे मिटले. आवाज समोर आला की फावडं उचलायचं, आवाज पाठीवर गेला की जीव खाऊन मारायचं. बस, एवढंच धरलं. ज्या कंपनीच्या नावानं आत्या बोटं मोडायची, तिच्या यंत्राकडं पाठ करकरून मी निम्मी नदी ओलांडली.

फेसाची दोरी आली तेव्हा डोळे उघडावे लागले. अलीकडचं पाणी लाल, पलीकडचं राखाडी, आणि मधे फेस, काटक्या, एक मेलेली कोंबडी, कुणाच्या तरी घराचं छप्पर. काहिलीची एक कड या पाण्यात, दुसरी त्या पाण्यात. तिला कुणीतरी दोन्हीकडनं पिळल्यासारखं झालं. एक कड खाली गेली आणि मांडीवर गार पाणी आलं. मी घाबरून पाय ताणला आणि टाच नेमकी त्या चुन्यावर बसली. चिंधी सुटून वर आली. बोटाएवढी धार. मी त्यावर टाच दाबून धरली आणि बसल्या बसल्या मारत राहिले, रडत राहिले, आणि तोंडानं म्हणत होते ते देवाचं नाव नव्हतं. मी म्हणत होते, "बाळू, थांब. बाळू, थांब." पाणी कमरेला लागलं होतं, आतलं. आता बुडले तर आई माझ्यासाठी पाण्यात येणार, आणि मग बाळूला कुणीच नाही, एवढा हिशेब मला त्या वयात लख्ख दिसला.

आई छातीएवढ्या पाण्यात उभी होती. तिनं काहिलीची कडी धरली आणि ओढून घेतली. मला मारणार असं वाटलं. तिनं फक्त विचारलं, "हाय?"

"हाय."

"रडतुया?"

मला खोटं बोलता आलं नाही. "आता रडत न्हाई."

आईचा चेहरा मी तेव्हा बघितला तसा पुन्हा कधी बघितला नाही, वडील गेले तेव्हाही नाही. तिची चोळी ओलीचिंब होती आणि ते पाणी नदीचं नव्हतं, पावसाचंही नव्हतं. दुधाचा आंबूस वास येत होता. रात्रभर तिनं छाती पिळून दूध मातीत सोडलं होतं, सोसवेना म्हणून. तिथं मातीत दूध आणि इथं चिंधीची वात. आम्ही काहील तिरकी करून पाणी ओतलं. आईनं पदराचा काठ फाडला, भोकात कोंबला, त्यावर ती स्वतः बसली आणि म्हणाली, "चल."

परतीची निम्मी वाट पाण्यानं दिली. आई ओंजळीनं आतलं पाणी उपसत होती, मी मारत होते, यंत्राचा आवाज आता तोंडावर ठेवून. काडीकडं बघत होते. एक गवताची काडी आमच्याबरोबर उलटी चाललेली. मग ती हळू झाली. मग थांबली. एका जागी गोल फिरायला लागली, विसरल्यासारखी. मी म्हटलं, "आये, काडी थांबली." आईला काडीचं काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "तू मार." आणि खालनं, संगमाकडनं, घोंघावणं सुरू झालं. मुळेनं हात काढला.

त्यानंतरचं सगळं नीट सांगता येत नाही. काठ पळायला लागला. आमचं घर आलं आणि गेलं. जांभळ आली आणि गेली. बापूअण्णांचे गवताचे भारे आमच्या पुढं पाण्यात उड्या मारत चाललेले, आणि काठावर बापूअण्णा, तोंड उघडं. खाली, संगमाच्या पुढं, दापोडीचा पूल दिसायला लागला, त्याच्या दगडी खांबांवर पाणी पांढरं होऊन आपटत होतं. माझ्या हातातनं फावडं गेलं. मी आईला मिठी मारली. आई मला सोडवत होती, "हात सोड, हात सोड," आणि मला वाटलं ती मला टाकतेय. पण तिला हात मोकळे हवे होते. आमच्या काठच्या बाभळी पाण्यात बुडालेल्या, नुसते शेंडे वर. तिनं दोन्ही हातांनी एक फांदी धरली. काट्यांसकट. सोडली नाही. काहील फिरून झाडांच्या मधे अडकली, आम्ही फांदी फांदी धरत चिखलात आलो. आईच्या तळहातांवरचे ते काट्यांचे ठिपके तू बघितलेस ना लहानपणी? विचारलं होतंस, "आजी, तुला गोवर आलेला का हातावर?" ते हे.

मग आम्ही पळालो. चिखलातनं, पडत, उठत. आई माझ्या पुढं. घरात शिरलो तर झोळी रिकामी. हलत पण नव्हती. देवापुढची वात विझलेली. आत्या नाही, बाळू नाही, घरात कुणीच नाही. आईनं झोळीत हात घातला, आत चाचपलं आणि तिथंच खाली बसली. भिंतीला टेकली नाही, नुसती बसली. मी बाहेर आले. त्या क्षणी मी मोठी झाले म्हणतात तशी झाले असेन, कारण मी रडले नाही, मी विचार केला की आता वडलांना कोण सांगणार.

पालांकडनं आवाज आला. बाळाचं रडणं. दणदणीत. मी धावले, पण तो बाळूचा आवाज नव्हता. ती गंगी होती. सोजरच्या पालाबाहेर, पावसात, चिखलात आमची थोरली आत्या मांडी घालून बसली होती. पदर डोक्यावरनं पुढं ओढलेला. पालाकडं तिची पाठ. आणि तिच्या मांडीवर गंगी. आत्या तिला हलवत होती, थोपटत होती, आणि गंगी भुकेनं आकांत करत होती. नंतर मला कळलं, आमची काहील पुलाकडं वाहत गेलेली आत्यानं काठावरनं बघितली. आम्ही दोघी गेलो असं धरून ती घरात गेली, बाळूला उचललं आणि सरळ पालांकडं चालत आली. सोजरला म्हणाली, "घे." आणि सोजरची पोर आपल्या मांडीवर घेऊन बाहेर बसली.

तिनं आम्हाला बघितलं. मागनं आईही आली होती. आत्यानं मानेनंच दाखवलं, आत.

आत सोजर. पदराखाली बाळू. त्याचा एक पाय बाहेर होता आणि अंगठा वर-खाली होत होता, पितानाचा. सोजर आईला म्हणाली, "आलीस व्हय माय? आदी थेंब थेंब पिळला तोंडात, मग लागलं वढायला. लई वढतंय तुझं लेकरू. माझ्या पोरीला काई ठिवलं न्हाई बघ."

आईनं बाळूला घ्यायला हात पुढं केले, रक्तानं भरलेले. पण तो तोंड सोडेना, आणि सुटला तो झोपेत. त्याला काही नको होतं. आणि आईची छाती दगडासारखी झालेली, चोळीतनं दूध टपकत होतं. बाहेर गंगी रडत होती. आई वळली, बाहेर गेली, आत्याच्या मांडीवरनं गंगीला उचललं आणि तिथंच चिखलात बसून तिला पदराखाली घेतलं. आत्या बघत राहिली. रडणं थांबलं. आतनं सोजर म्हणाली, "आता कुनाची जात कुनाला लागली, आत्याबाई?" आणि आत्या, काय सांगू तुला, हसली. रडत होती आणि हसली. म्हणाली, "गप ए भवाने."

दुसऱ्या दिवशी आत्यानं अळिवाची खीर केली, दोन वाट्या. सोजरनं ओसरीवर बसून खाल्ली. वर, खाली नाही. बांधकाम संपेपर्यंत ती बसायची तिथंच, आणि आत्या तिला नावं ठेवायची आणि ती आत्याला. काहील मामांनी बरे झाल्यावर बाभळीतनं सोडवून आणली. पुढच्या गळिताला त्यातच गूळ झाला.

गंगी भोसरीला असते, तुला ठाऊक आहे. तुझ्या बापाला भाऊबीजेला ओवाळते ती का, हे तू एकदा विचारलं होतंस आणि त्यानं चेष्टेवारी नेलं होतं. आता तिचेही गुडघे गेलेत. परवा फोनवर म्हणाली, "येसूताई, रेखाला एकदा बघावंसं वाटतंय." तेव्हा ये बाई. बापाला घेऊन ये, पोरांना आण, गंगीला वाटेत गाडीत घे. मी अळिवाची खीर करते. आणि दिवाळी, सुट्टी, असलं काही बघत बसू नकोस. माझ्या पाण्यावरची काडी सध्या उलटी चाललीय, बरी चाललीय. तेवढ्यात ये.